अकरा नंबरची बोअर

सावद्याच्या अलीकडे, केळीच्या दोन मळ्यांमधल्या बांधावर
लोखंडी टोपी घातलेली एक सरकारी बोअर आहे.
तिच्यातून पाणी काढायचं नसतं.
फक्त विचारायचं असतं, कुठवर आहेस?

एकतीस वर्षं मी विचारत आले.
टेपला खडू फासायचा, खाली सोडायचा,
भिजला तिथला आकडा वहीत.
पुढे यंत्र आलं: फिरता ढोल, कागद, शाईचं पेन.
दर शनिवारी कागद बदलायचा.

कागदावर पंपांचेच ओरखडे.
रात्री बाराला लाइट आली की रेघ कड्यावरून उडी टाकायची
आणि सकाळी आठनंतर धापा टाकत वर यायची,
सगळी कधीच नाही.

मग एका चैत्रात, पुनवेच्या आदल्या रात्री, डीपी जळाली.
तीन दिवस शिवारात मोटार नाही.
केळीची पानं भर दुपारी मधोमध दुमडलेली,
भिका फेगडे डीपीखालीच खाट टाकून,
समशेर तडवी लाइनमन फोन उचलेना.

शनिवारी टोपी उघडली.
बुधवारनंतर कागदावर ओरखडा नव्हता.
लाट होती.
हळू वर, हळू खाली, दिवसातून दोनदा,
करंगळीच्या एका पेराएवढी.

मी पेन तपासलं. घड्याळाला चावी दिली.
जळगावहून साहेब म्हणाले, बाई, यंत्र बदलून घ्या.
रात्री पंचांग उघडलं.
चंद्र माथ्यावर येण्याची वेळ
आणि रेघेची सगळ्यात खोल जागा,
रोज पन्नासेक मिनिटं उशिरा, दोन्ही,
एका गाडीनं ये-जा करणाऱ्या नोकरदारांसारख्या.

समुद्र चढतो हे शाळेत शिकले होते.
पण समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या पॅसेंजरवर,
आणि तापी, तीही तिकडेच निघालेली.
इथे ओढायला चंद्राला काय सापडणार?

जमीन सापडली.
चंद्र माथ्यावर आला की ही काळी माती फूटभर वर येते,
तिच्यासोबत बांध, केळी, सावद्याचं स्टेशन,
तेवढाच सातपुडा,
म्हणून कपातला चहा हिंदकळत नाही.
खोलातली वाळू जराशी सैल होते,
पाणी त्या मोकळ्या जागेत शिरतं,
आणि समुद्र चढायचा त्या घटकेला
माझी बोअर पेरभर उतरते.
पुनवेला तर सूर्यही पलीकडून दोर धरून उभा असतो,
आपण मध्ये, पिठाच्या गोळ्यासारखे, दोन्हीकडून ताणलेले.

भिकाभाऊंना सांगितलं.
ते खाटेवर उताणे, चंद्राकडे बघत:
"म्हंजे माही खाट बी वर गेल्ती?"
गेली होती.
"मंग मले कसं नही कयलं?"
जरा वेळानं, "डीपी बी गेली असंन वर.
तं बी लाइट नही आली."

ती रविवारी आली.
समशेर खांबावरून उतरायच्या आत
अठरा मोटारी एकदम बोलल्या,
पाटातून पाणी पळालं, कुणीतरी शिट्टी मारली,
आणि पेन कड्यावरून पडलं.
मीही हसले. केळी जगायला हवी होती.

निवृत्तीच्या आधी एकदा हिशेब मांडला.
चंद्र आपल्यापासून वर्षाला दीड इंच लांब जातो म्हणतात.
माझ्या सगळ्या नोकरीत तो गेला जेमतेम चार फूट.
पहिल्या वहीत पाणी साठ फुटांवर.
शेवटच्या वहीत दोनशे चाळीस.
एवढ्या घाईत तर चंद्रही नाही.

सगळे कागद दप्तरात जमा केले, गठ्ठे बांधून, सहीसह.
एका आठवड्याचा मिळत नाही, असं पत्र दोनदा आलं.
तो माझ्या कपाटात आहे,
लुगड्यांच्या घडीखाली, सपाट.
शाई फिकी पडली आहे,
पण बोट फिरवलं तर
गुरुवारी मध्यरात्री ते अजून खाली जातं.